अनुदान मिळतं हो, पण आधी नाईटची वही काढा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: नाशिकमधला छोटा नाट्यग्रुप, संस्था रजिस्टर्ड आहे, कोविडच्या आधी वर्षाला चार-पाच प्रयोग व्हायचे, आता जेमतेम एखादा होतो, दोन चांगली पोरं सिरियलसाठी मुंबईला गेली, लाईटवाला घरगुती वायरिंगची कामं घ्यायला लागला. तर सरकारची मदत खरंच मिळते का, की ते सगळं पेपरापुरतंच असतं? आणि बाहेरच्या देशात सरकारांनी कलाक्षेत्र पुन्हा उभं केलं म्हणतात, मग आपल्याकडे काय अडतंय?

मी नाटकांचं प्रॉडक्शन सांभाळतो आणि त्याच्या जोडीला संस्थांचे अनुदानाचे अर्ज भरून देतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोजच्या बघण्यातल्या आहेत. सरळ सांगायचं तर मदत मिळते, उशिरा मिळते, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज असते त्याच्यापर्यंत सगळ्यात कमी पोचते. आता याचं कारण विचारलं की आपल्याकडे लगेच भ्रष्टाचार, वशिला, मंत्रालय सुरू होतं, ते असेलही, पण माझ्या मते पहिलं कारण वेगळंय. तुमच्या लाईटवाल्याने गेल्या वर्षी किती नाईट केल्या, म्हणजे किती प्रयोगांना मजुरीवर काम केलं, हे जगात कुठेच लिहिलेलं नाही. सरकारला उद्या खरोखर मनापासून पैसे द्यायचे झाले तरी कोणाला द्यायचे हे त्याला माहीत नाही, आणि खरं सांगू का, आपल्यालाही माहीत नसतं.

कोविडचंच बघा. मार्च २०२० ला थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेने उघडली, एप्रिल २०२१ मध्ये परत बंद, ती २२ ऑक्टोबरला उघडली. त्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५६ हजार एकल, म्हणजे एकट्याने काम करणाऱ्या, कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपये एकदाच द्यायचा निर्णय घेतला, म्हणजे २८ कोटी. रक्कम किती तुटपुंजी यावर तेव्हा खूप बोलून झालंय, दीड वर्ष बसलेल्या माणसाला ५ हजार म्हणजे एका महिन्याचा किराणा. मला जास्त टोचलं ते पुढचं. मदत घ्यायची तर कलाक्षेत्रात काम केल्याचा पुरावा पाहिजे. नटाकडे फोटो असतो, पेपरातलं कात्रण असतं, स्पर्धेचं सर्टिफिकेट असतं. सेट लावणाऱ्याकडे काय असतं? त्याचं नाव जाहिरातीत नाही, फोटोत तो नाही, पैसे घेतले ते रोख, सही कुठे केली नाही. पंचवीस वर्षं सेटच्या भिंती (फ्लॅट) आणि चौथरे (लेव्हल) उचलणारा माणूस कागदावर कलाक्षेत्रातला ठरतच नाही, तो हमाल.

आता परदेशाचं. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये १.५७ अब्ज पौंडांचा कल्चर रिकव्हरी फंड काढला, त्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं, पण तो पैसा मुख्यतः संस्थांना गेला, थिएटरं, म्युझियमं, हॉल वाचले, आणि तिथले फ्रीलान्स लोक बऱ्यापैकी बाहेर राहिले कारण ते कोणाच्याच पगारपत्रकावर नव्हते. म्हणजे तिथेही रडगाणं तेच. फ्रान्सची गोष्ट वेगळी. तिथे नट, वादक आणि बॅकस्टेजचे टेक्निशियन या सगळ्यांसाठी बेकारी भत्त्याची एक खास पद्धत आहे, १२ महिन्यांत ५०७ तास काम भरलं की मधल्या रिकाम्या काळात भत्ता चालू. प्रत्येक तास मोजलेला, मालकाने भरलेला, सरकारकडे नोंदवलेला. म्हणून कोविड आल्यावर त्यांना नवीन यादी करत बसावं लागलं नाही, एक निर्णय घेतला की सगळ्यांचे भत्त्याचे हक्क ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवले, संपलं. आयर्लंडने २०२२ मध्ये २००० कलाकारांना दर आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षांसाठी, असा प्रयोग केला, आणि पात्र अर्जांमधून निवड चक्क सोडतीने. मला हे सोडतीचं आवडलं, कारण कोण मोठा कलावंत कोण छोटा हे ठरवायला समिती बसली की काय होतं ते आपण जाणतो. असो.

फार लांब कशाला जायचं, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बघा. पैठणी विणणाऱ्यांचे हाल कमी नाहीत, पण विणकर मोजला जातो. २०१९-२० ची हातमाग गणना झाली, विणकराला ओळखपत्र असतं, पैठणीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्या कार्डावर विमा, कर्ज, प्रदर्शनातला स्टॉल अशा गोष्टी अडकवता येतात. येवल्याचा विणकर सरकारला दिसतो, साईखेडकर नाट्यगृहाच्या विंगेत उभा असलेला माणूस दिसत नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक पट्ट्यात बोहाड्याचे, म्हणजे सोंगं नाचवायच्या आदिवासी उत्सवाचे, मुखवटे करणारे लोक आहेत, ते हस्तकला कारागीर म्हणून केंद्राचं 'पहचान' कार्ड काढू शकतात, पण तोच मुखवटा घालून रात्रभर नाचणारा माणूस कुठल्या कार्डावर बसतो ते मला विचारू नका. पीएम विश्वकर्मा योजनेतही तसंच, सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय, त्यात मूर्तिकार आहेत, कुंभार आहेत, बाहुल्या-खेळणी करणारे आहेत, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्क्यांनी कर्ज मिळतं, पण अख्ख्या देशात ज्याच्या नावाने ढोल ओळखला जातो त्या नाशिकमध्ये ढोल-ताशा बांधणाऱ्याला त्या १८ मध्ये स्वतःच्या नावाची जागा नाही.

आता तुमच्या कामाचं, म्हणजे योजना. मी सगळ्या सांगत नाही, ज्यात छोट्या संस्थेला शक्यता वाटते तेवढ्याच.

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची कला संस्कृती विकास योजना आहे, तिच्या पोटात बऱ्याच योजना आहेत. त्यातली कार्यक्रम आणि निर्मितीसाठीची ग्रँट ५ लाखांपर्यंत असते, आणि तुमच्यासारख्या ग्रुपने पहिली हीच बघावी. पण पैसे हप्त्याने येतात, शेवटचा हप्ता काम झाल्यावर, हिशोब आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर, आणि मधे कितीही वेळ जाऊ शकतो. म्हणजे तेवढे पैसे आधी तुमच्या खिशातून. दुसरी गुरु-शिष्य परंपरेची, जिला सगळे रेपर्टरी ग्रँट म्हणतात, त्यात गुरूला महिना १५ हजार आणि शिष्यांना वयानुसार २ ते १० हजार. ही मिळाली तर ग्रुप खरंच टिकतो कारण महिन्याला पैसे येतात, पण ती सलग काम दाखवणाऱ्या संस्थेला मिळते, वर्षाला एक प्रयोग करणाऱ्याला नाही. पोरांसाठी वेगळं: १८ ते २५ वयोगटातल्या कलाकारांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे, महिना ५ हजार, दोन वर्षं. याची जाहिरात येते कधी आणि संपते कधी कळत नाही, म्हणून एका पोराला हेच काम लावा की दर पंधरा दिवसांनी साईट बघायची.

राज्याकडे हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहेच, १९५४ पासून चालू आहे, नाशिक केंद्र आहे. लोक तिला नावं ठेवतात, परीक्षक, निकाल वगैरे, पण माझं मत असं की महाराष्ट्र सरकारने नाटकासाठी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, कारण ती पैसे माणसाला देत नाही, प्रयोग करायला लावते, आणि दरवर्षी येते. ठरलेल्या तारखेला तालीम सुरू होते कारण स्पर्धा येणार हे माहीत असतं. दरवर्षी येणारे थोडे पैसे एकदाच येणाऱ्या मोठ्या पॅकेजपेक्षा केव्हाही बरे.

ज्येष्ठांसाठी राज्याचं मानधन आहे, पूर्वी वृद्ध कलावंत मानधन म्हणायचे, आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंय. आधी राष्ट्रीय, राज्य, जिल्हा अशा दर्जानुसार वेगवेगळी रक्कम होती, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५ हजार महिना. वय ५० पूर्ण, वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत. हा हिशोब जरा करून बघा, महिना ५ हजार मिळवायचे तर तुमची कमाई महिना ५ हजारांच्या आत पाहिजे. केंद्राचीही अशीच आहे, ६० च्या पुढच्यांना ६ हजारांपर्यंत, उत्पन्नाची अट ७२ हजार. म्हणजे धाप लागेपर्यंत काम करणारा, महिन्याला दहा-बारा हजार मिळवणारा म्हातारा ढोलकीवाला दोन्हीतून बाहेर, आणि ज्याने काम सोडलं तो आत. मदतीने माणूस कामावर टिकायला पाहिजे, इथे काम सोडल्यावरच दार उघडतं. तरी तुमच्या ओळखीत कोणी बसत असेल तर अर्ज भरून द्याच, ते स्वतः भरत नाहीत, त्यांना मागायची लाज वाटते.

कागदपत्रांत लोक कुठे आपटतात तेही सांगतो, कारण अर्ज चांगला-वाईट हा प्रश्न नंतरचा, नव्वद टक्के घोडं इथेच अडतं. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, ठीक. पण दहा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना काढलेली संस्था, तेव्हाचे अध्यक्ष पुण्यात, सेक्रेटरी अमेरिकेत, आणि आज जे लोक चालवतात त्यांची नावं शेड्युल वनवर, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीत, नाहीतच कारण चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) कोणी दाखल केला नाही, किंवा केला तो मंजूर व्हायचाय. मग बँकेत सहीचा घोळ, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवर नावं जुळत नाहीत, आणि ग्रँट मंजूर झाली तरी पैसे येत नाहीत. तेव्हा आधी चेंज रिपोर्ट, मग तीन वर्षांचे ऑडिट, मग पॅन, आणि १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या. ही शेवटची दोन असतील तर सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशासाठी, तोंड उघडता येतं, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कला आणि संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे, त्यासाठी सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. कंपन्या शाळा आणि दवाखान्यालाच पैसे देतात हे खरं, पण कामगारांच्या मुलांसाठी नाट्यशिबिर असा प्रस्ताव दिला तर ऐकून घेतात.

करातल्या दोन सवलती आपले लोक वापरत नाहीत. नाटकाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, पुढे गेलं की लागतो, म्हणून तिकीट ५५० ठेवणाऱ्याला मी आधी हात जोडतो. आणि लोककला किंवा शास्त्रीय कलेचा कलाकार स्वतः सादरीकरण करून दीड लाखापर्यंत मानधन घेत असेल तर त्यावरही जीएसटी माफ आहे, आयोजक उगाच बिल मागून घाबरवतो तेव्हा हे सांगा.

लाईट, साऊंड, नेपथ्य, ड्रेपरी भाड्याने देणारे जे आहेत त्यांना मी एकच सांगतो, आजच उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे, ऑनलाईन आहे. एकदा ती असली की कायद्याने तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि तक्रारीला सरकारी पोर्टल आहे. इव्हेंटवाले सहा-सहा महिने पैसे दाबून ठेवतात ना, त्यांना नुसतं उद्यम नंबर छापलेलं बिल दिलं की बोलण्याचा सूर बदलतो. मुद्राचं कर्जही यावरच सोपं होतं. जे नुसते नाईटवर काम करतात त्यांनी असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड तरी काढावं. त्याने लगेच काही हातात पडत नाही, पण निदान एका सरकारी यादीत नाव येतं.

आणि आता वही. प्रत्येक प्रयोगाला एक पान करा. तारीख, थिएटर, नाटकाचं नाव, परिनिरीक्षण मंडळाचा (नाटकांचं सेन्सॉर) सर्टिफिकेट नंबर, विकलेली तिकिटं, आणि खाली सगळ्यांची नावं. सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची, मेकअपमन, इस्त्रीवाला, टेम्पोबरोबर आलेले दोघं, प्रत्येकासमोर काम, नाईटची रक्कम आणि सही. जमेल तिथे पैसे यूपीआयने द्या, रोख दिले तर व्हाउचर. प्रयोग संपल्यावर सेट सुटत असतो, टेम्पोवाला हॉर्न मारत असतो, पोरांना भूक लागलेली असते, तेव्हा वही काढणारा माणूस सगळ्यांना शत्रू वाटतो, म्हणून वही मध्यंतरात फिरवा, तेव्हा सगळे चहाला एका जागी असतात. अर्ज भरायची वेळ आली की 'कार्याचा पुरावा' म्हणून हीच पानं स्कॅन करून लावायची, आणि ऑडिटवाला सीए तर तुम्हाला मिठीच मारेल. उद्या त्या सेटवाल्याला मानधनाचा अर्ज करायचा झाला तर संस्थेच्या लेटरहेडवर त्याच्या नाईटचा उतारा देता येतो.

सरकारने काय करावं म्हणाल तर माझी मागणी लहान आहे आणि ती दिल्ली-मुंबईची नाहीच, नाशिकचीच आहे. आपल्याकडे कालिदास कलामंदिर आहे, साईखेडकर आहे, भाभानगरचं गायकवाड सभागृह आहे, छोट्या कार्यक्रमाला कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह आहे. जागा नाहीत असं नाही, पण सोमवार ते गुरुवार मोठी थिएटरं कितीदा अंधारात असतात ते तुम्ही बघताच, आणि छोट्या ग्रुपला मोठ्या थिएटरचं भाडं झेपत नाही. समजा १५० रुपये तिकीट आणि दोनशे माणसं आली, नवख्या ग्रुपला दोनशे म्हणजे उत्तम, तर हातात ३० हजार. त्यातून थिएटर, लाईट, साऊंड, टेम्पो, मेकअप, नाईट, जाहिरात. नटाच्या वाट्याला वडापाव येतो. यात कापता येण्यासारखी मोठी रक्कम एकच, थिएटरचं भाडं, बाकी सगळी तर माणसांची मजुरी आहे. तेव्हा महापालिकेने तिच्या नाट्यगृहात आठवड्याचे कामाचे वार स्थानिक संस्थांना नाममात्र भाड्याने द्यावेत, आणि अट एकच ठेवावी की प्रयोगानंतर नाईटचं पान भरून द्यायचं, नाव, काम, रक्कम, बँक खातं. तिजोरीवर फारसा बोजा नाही कारण ती तारीख तशीही रिकामीच जाणार होती. दोन वर्षांत नाशिकच्या रंगभूमीवर कोण काम करतं याची खरी यादी आपोआप तयार होईल, सर्व्हे नको, समिती नको. पुढे परत कधी थिएटरं बंद ठेवायची वेळ आली तर त्या यादीवर मदत आठवड्यात वाटता येईल.

याउलट इगतपुरीजवळ चित्रनगरी करायची चर्चा मी किती वर्षं ऐकतोय. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांच्या नावाने इथे काहीतरी मोठं व्हावं हे वाटणं स्वाभाविक आहे, झाली तर चांगलंच. पण मोठी वास्तू उभी राहिली म्हणजे माणसांना काम मिळालं असं नसतं, फाळके स्मारकात जाऊन या, काय म्हणतो ते कळेल.

जवळची संधी मला २०२७ च्या सिंहस्थात दिसते. साधू-महंत, घाट, रस्ते यावर प्रचंड पैसा येतोय, आणि सांस्कृतिक कार्यक्रम होणारच. होईल काय, तर एखाद्या बाहेरच्या इव्हेंट कंपनीला टेंडर जाईल, कारण टेंडरमध्ये कोटींच्या उलाढालीची अट असते आणि नाशिकच्या कुठल्याच ग्रुपची ती नसते, मग ती कंपनी आपल्याच संबळवाल्यांना, आपल्याच ढोल पथकांना नि आपल्याच पोरांना पडत्या भावात घेईल. यावर आत्ताच बोलायला पाहिजे, टेंडर निघाल्यावर नाही. स्थानिक कलाकारांचा ठरावीक वाटा आणि त्यांचं मानधन थेट खात्यात, एवढी एक अट टेंडरमध्ये घालून घ्या. त्यासाठी शहरातल्या आठ-दहा संस्थांनी एकत्र पत्र द्यावं लागेल, आणि आठ-दहा नाटकवाले एका पत्रावर सह्या करतील का, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोडतो, तुम्हीही याच गावात नाटक करता.

तुमच्या ग्रुपपुरतं सांगायचं तर या महिन्यात चेंज रिपोर्टचं बघा, दर्पणवर नोंदणी करा, मागच्या प्रयोगांची पानं जेवढी आठवतील तेवढी आजच्या तारखेने लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, मागची तारीख टाकू नका, ऑडिटला ते लगेच पकडलं जातं. लाईटवाल्याला उद्यमचा फॉर्म तुम्हीच मोबाईलवर भरून द्या. निर्मितीच्या ग्रँटसाठी नाटक निवडताना पाच-सहा पात्रं आणि टेम्पोत मावेल असा सेट बघा, म्हणजे ग्रँट लटकली तरी मालेगाव, सिन्नर, निफाडला कंत्राटी प्रयोग घेता येतील. अर्जाचं बजेट करताना नाईटचा आकडा लाजून कमी लिहू नका, लोक बॅनर आणि हॉलला भरपूर टाकतात नि माणसांसमोर पाचशे लिहितात. एवढं झालं की अर्जाचा मसुदा पाठवा, वाचून देतो. फक्त शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पाठवू नका, त्या रात्री पोर्टल चालत नाही.